बुडालेल्या भाताचे प्रथिन

तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू नावाचे गाव आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुक्तांबाळ या आपल्या सहचरीच्या नावाने बांधलेले छत्र, म्हणजे धर्मशाळा, तिथे आहे, त्यामुळे भोसल्यांच्या तंजावरचा इतिहास वाचणाऱ्याला हे नाव परके नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘निशा’ चक्रीवादळ कारैकलजवळ किनाऱ्याला लागले आणि ओरत्तनाडूत २४ तासांत सुमारे ६६ सेंटिमीटर पाऊस कोसळला. पुण्यात सबंध वर्षभरात पडतो तो पाऊस याहून थोडासाच जास्त असतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नोव्हेंबर हा सर्वांत धोक्याचा महिना. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते आणि त्यावर कुरुवै हंगामाचे कमी मुदतीचे भात उभे राहते. पण खरे मोठे पीक सांबाचे. ऑगस्टपासून पेरणी आणि लावणी सुरू होते, जानेवारीत पोंगलच्या सुमारास कापणी. मधल्या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो, तेव्हा रोपे महिना-दोन महिन्यांची असतात. जमीन इतकी सपाट की समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याला उतारच सापडत नाही. तिरुवारूर, नागपट्टिणम या बाजूच्या शेवटच्या गावांत तर ओढे-कालवे उलटे फुगतात आणि खाचरे आठ-आठ, दहा-दहा दिवस तळ्यासारखी भरून राहतात.

भात हे पाण्यातले पीक, मग पाण्यात ते मरते कसे? मुळे पाण्यात असली तरी भाताला चालते, पाने मात्र हवेत हवीत. संपूर्ण रोप बुडाले की पानांना कार्बन डायऑक्साइड मिळत नाही आणि गढूळ पाण्यातून उजेडही पोचत नाही. त्यातच आणखी एक गोष्ट घडते. वनस्पतीच्या पेशी इथिलीन नावाचा वायू सतत थोडा थोडा सोडत असतात. हवेत तो उडून जातो. पाण्यात वायूंचा प्रसार हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असतो, म्हणून बुडालेल्या रोपात इथिलीन कोंडून राहते. या कोंडीवरूनच रोपाला कळते की आपण पाण्याखाली आहोत.

नेहमीच्या वाणाचे रोप यावर एकच उपाय जाणते: उंच व्हायचे आणि पाण्यावर डोके काढायचे. ते जिबरेलिन नावाचे वाढीचे संप्रेरक कामाला लावते आणि साठवलेली साखर-पिष्ट खर्चून पाने ताणू लागते. पाणी दोन-चार दिवसांत उतरले तर हे निभावते. आठवडाभर टिकले तर साठा संपतो, आणि पाणी ओसरल्यावर तो लांब, पिवळट, मऊ झालेला पाला चिखलात आडवा पडून कुजतो.

त्रिभुज प्रदेशात सांबा हंगामात सीआर १००९ हे वाण अनेक वर्षे लोकप्रिय आहे. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत पंकज आणि जगन्नाथ या वाणांच्या संकरातून ते तयार झाले. ओडिशात त्याला सावित्री म्हणतात, तामिळनाडूत पोन्मणी. मुदत लांब, पाच महिन्यांहून अधिक, दाणा जाड, उतारा भरघोस. या वाणाची एक सुधारित आवृत्ती आता सीआर १००९ सब-१ या नावाने पेरली जाते. दिसायला ती जुन्या वाणासारखीच, चवीला आणि मुदतीलाही तशीच. पण रोपे पूर्ण बुडाली तरी ती साधारण दोन आठवडे तग धरतात. पाणी उतरले की त्यांना नवे फुटवे येतात आणि पीक पुन्हा उभे राहते.

दोन्ही वाणांत फरक आहे तो नवव्या गुणसूत्राच्या एका छोट्या तुकड्याचा. त्या तुकड्यात सब-१-ए नावाचे जनुक आहे. या एका जनुकाने एवढा फरक कसा पडतो, हे समजून घेताना जनुक म्हणजे नक्की काय, ते पेशीत काय करते आणि काय करत नाही, हेही उलगडत जाते.

भाताच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात १२ गुणसूत्रांच्या जोड्या असतात. एका संचातील डीएनएची लांबी सुमारे ३९ कोटी अक्षरे आहे आणि अक्षरे फक्त चार: ए, टी, जी, सी. ही सगळी संहिता २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून वाचून पूर्ण झाली. त्यात अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात दिल्लीच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. या ३९ कोटी अक्षरांत ठिकठिकाणी काही हजार अक्षरांचे सलग पट्टे आहेत, त्यांना जनुके म्हणायचे. भातात अशी सुमारे चाळीस हजार जनुके आहेत. ‘उंचीचे जनुक’, ‘वासाचे जनुक’, ‘पूर सोसण्याचे जनुक’ असे आपण सहज म्हणतो, पण डीएनएमध्ये उंची नसते, वास नसतो, पूरही नसतो. तिथे असतो तो बहुतेक वेळा एखादे प्रथिन घडवण्याचा मजकूर. उंची, वास, चिवटपणा हे सगळे पुढे ती प्रथिने घडवून आणतात.

हा मजकूर केंद्रकाबाहेर जात नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली मूळ ताडपत्रे आणि मोडी दफ्तरे दालनातच राहतात, अभ्यासकाला मिळते ती हव्या त्या पानांची नक्कल. पेशीचेही तसेच. जनुकाच्या पट्ट्याची नक्कल आरएनए या डीएनएच्या जवळच्या रेणूत उतरवली जाते. तिच्यात ‘टी’च्या जागी ‘यू’ हे अक्षर येते, बाकी तीन तशीच. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती केंद्रकातून बाहेर पडते, काही मिनिटे किंवा काही तास वापरली जाते आणि मोडून टाकली जाते. नकला किती काढायच्या, कोणत्या पेशीत काढायच्या आणि कधी थांबायचे, यावर पेशीचा जवळजवळ सगळा कारभार चालतो. मुळाच्या पेशीत आणि दाण्याच्या पेशीत डीएनए एकच. ज्या जनुकांच्या नकला निघतात ती मात्र वेगवेगळी.

नक्कल निघाल्यावर ती थेट वापरता येतेच असे नाही. वनस्पती आणि प्राण्यांच्या जनुकांत मधेमधे असे भाग असतात की जे प्रथिनाच्या मजकुराचे नसतात. नक्कल झाल्यावर ते कापून उरलेले तुकडे नीट जोडावे लागतात. ही कापाकापी चुकली तर काय होते, ते ताटातल्या भातात दिसते. तंजावरचा रोजचा भात मोकळा, जपानचा चिकट, आपल्या मावळातल्या इंद्रायणीचाही मऊ आणि चिकट. हा फरक मुख्यतः पिष्टातल्या अमायलोज या घटकाच्या प्रमाणाचा असतो: अमायलोज जास्त तर भात मोकळा. दाण्यात अमायलोज बनवणारे विकर सहाव्या गुणसूत्रावरच्या ‘वॅक्सी’ जनुकातून येते. जपानी भातांत या जनुकात, पहिला अनावश्यक भाग जिथे कापायचा नेमक्या त्या जागी, ‘जी’ऐवजी ‘टी’ आहे. कापण्याची खूणच बिघडल्यामुळे बऱ्याच नकला नीट जोडल्या जात नाहीत, विकर थोडेच बनते, अमायलोज कमी पडते आणि शिते एकमेकांना चिकटतात. प्रथिनाचा स्वतःचा मजकूर शाबूत आहे, फरक पडला तो त्याच्या प्रमाणात.

शुद्ध केलेली नक्कल आता रायबोसोमकडे जाते. प्रथिन घडते ते इथे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अमिनो आम्ले २० प्रकारची, आरएनएची अक्षरे चार. मग चाराची भाषा विसाच्या भाषेत कशी उतरवायची? उत्तर असे की अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट ६४ होतात. त्यांतले ६१ गट कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लाचे असतात आणि उरलेले तीन ‘थांबा’ एवढेच सांगतात. १९६१ मध्ये अमेरिकेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाई यांनी फक्त ‘यू’ असलेला आरएनए परीक्षानळीत घातला आणि फक्त फेनिलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाची साखळी मिळवली. पहिला शब्द लागला: यूयूयू. पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए रसायनशाळेत बनवून बाकीच्या शब्दांचा अर्थ लावण्यात मोठी कामगिरी केली. १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून दिले गेले.

हॉली यांचे काम वाहक आरएनएवरचे. वाहक आरएनए हा छोटा रेणू असतो. त्याच्या एका टोकाला एक विशिष्ट अमिनो आम्ल बांधलेले असते, दुसऱ्या टोकाला तीन अक्षरे उघडी असतात. ही तीन अक्षरे संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळली तरच तो रायबोसोममध्ये टिकतो. मग त्याच्याकडचे अमिनो आम्ल वाढत्या साखळीला जोडले जाते, संदेश तीन अक्षरे पुढे सरकतो आणि पुढच्या वाहकाची पाळी येते. जिवाणूंच्या पेशीत हे सेकंदाला साधारण २० वेळा होते, वनस्पतींत आणि प्राण्यांत त्याहून सावकाश.

कावेरीच्या उत्तरेकडच्या कोळ्ळिडम या फाट्याच्या पलीकडे, नटराजाचे चिदंबरम आहे. १९५२ मध्ये या गावी जन्मलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांनी हा रायबोसोम अणूअणूने उलगडला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब बडोद्याला गेले. गायकवाडांच्या त्या शहरातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आई-वडील दोघेही वैज्ञानिक होते, आणि रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये तिथूनच भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. त्यातला लहान भाग संदेश वाचतो आणि मोठा भाग साखळी जोडतो. गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाची रचना रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केली. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना, टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले.

या रचनेतून कळलेली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे रायबोसोम चूक कशी ओळखतो. संदेशाची तीन अक्षरे आणि वाहकाची तीन अक्षरे जुळली की रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधली दोन ‘ए’ अक्षरे आतून बाहेर वळतात आणि त्या जोडीचा आकार चाचपतात. जोडी बरोबर असेल तर आकार नेमका बसतो, नसेल तर वाहक सुटून जातो. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे नेमकी इथेच अडथळा आणतात. जिवाणूचा रायबोसोम मग चुकीचे वाहकही स्वीकारू लागतो आणि जिवाणू खराब प्रथिने बनवत बसतो. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध या एका जागी काम करते. आणखी एक मोठा शोध असा की साखळीचा सांधा जुळवण्याचे प्रत्यक्ष काम मोठ्या भागातला आरएनएच करतो. भोवतीची प्रथिने आधाराला असतात. प्रथिने बनवणारे यंत्र मुळात प्रथिनांचे नाही, यावरून जीवसृष्टीच्या आरंभी आरएनएच प्रमुख असावा या मताला मोठे बळ मिळाले.

‘थांबा’ या तीन गटांचा कावेरीच्या शेतांशी जवळचा संबंध आहे. तंजावर जिल्ह्यातल्या आडुतुरै इथे १९२२ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले. ‘एडीटी’ ही अक्षरे नावात असलेले प्रत्येक वाण तिथले. १९६० नंतर तंजावर हा सघन शेती कार्यक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक झाला, खते आली, आणि जपानी व भारतीय भाताच्या संकरातून निघालेले एडीटी २७ हे वाण कुरुवै हंगामात झपाट्याने पसरले. पण उंच वाणांना युरिया दिला की ती आणखी वाढत आणि लोंब्या भरल्यावर आडवी होत. तोडगा मिळाला तो बुटक्या वाणांतून. तैवानमधल्या डी-जिओ-वू-जेन या बुटक्या भातापासून फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आयआर ८ तयार झाले आणि १९६६ मध्ये बाहेर आले. आजच्या बहुतेक बुटक्या वाणांत त्या तैवानी भाताचा तुकडा आहे.

हा तुकडा करतो काय, हे २००२ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. पहिल्या गुणसूत्रावर एसडी-१ नावाचे जनुक आहे. त्यातून जिबरेलिन बनवण्याच्या मार्गावरचे एक विकर घडते. तैवानी भातात या जनुकातली ३८३ अक्षरे गळालेली आहेत. परिणामी रायबोसोम वाचत जातो, मधेच ‘थांबा’ येते आणि अर्धवट, निकामी प्रथिन बाहेर पडते. जिबरेलिन कमी, कांडी आखूड, रोप ताठ. मग दाणे का भरतात? कारण भातात त्याच कामाचे दुसरे एक जनुक आहे आणि फुलोऱ्यात ते आपले काम करत राहते. बासमतीचा सुगंध हाही अशाच अवेळी आलेल्या ‘थांबा’चा परिणाम आहे: आठव्या गुणसूत्रावरच्या जनुकातली आठ अक्षरे गेली, एक विकर अपुरे राहिले आणि ते असते तर न साठलेला सुगंधी रेणू दाण्यात साठू लागला. भातातल्या हरितक्रांतीची मोठी भिस्त एसडी-१च्या मोडक्या प्रथिनावर होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी.

आता पुन्हा बुडालेल्या सांबाकडे. सब-१-एचा शोध ओडिशातल्या धलपुतिया नावाच्या स्थानिक भातापासून सुरू होतो. त्यातून निवडलेले एफआर १३ए हे वाण पूर सोसण्याबद्दल प्रसिद्ध होते, पण उतारा कमी म्हणून शेतकऱ्यांनी ते फारसे धरले नाही. १९९६ मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी त्याचा गुण नवव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि २००६ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्यासह त्यांनी जनुक वेगळे काढले. त्यातून घडणारे प्रथिन ना पिष्ट बनवते, ना संप्रेरक. ते दुसऱ्या जनुकांच्या नकला काढायच्या की नाही, हे ठरवते. इथिलीन वाढले की हे जनुक जागे होते, प्रथिन बनते आणि केंद्रकात जाऊन वाढ रोखणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढवते. जिबरेलिनला प्रतिसाद मिळेनासा होतो. रोप ताणणे थांबवते, साठा जपते आणि पाणी उतरण्याची वाट पाहते.

पूर न सोसणाऱ्या अनेक भारतीय वाणांतही सब-१-ए आहे, पण त्यात एक फरक आढळतो. साखळीतले १८६ वे अमिनो आम्ल एफआर १३एमध्ये सेरीन आहे, या वाणांत प्रोलीन. सेरीनचा इथला गट ‘यूसी’ने सुरू होतो, प्रोलीनचा ‘सीसी’ने. पहिले एक अक्षर बदलले की अमिनो आम्ल बदलते. सेरीनला फॉस्फेटचा गट जोडता येतो, प्रोलीनला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले की भातातले एक नियंत्रक विकर पूर सोसणाऱ्या प्रथिनालाच असा फॉस्फेट जोडते, दुसऱ्याला नाही. शिवाय प्रोलीनची बाजूची साखळी कण्यालाच उलटी जोडलेली असते, त्यामुळे ते जिथे येते तिथे प्रथिनाला मोकळेपणाने वळता येत नाही. अशी कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला, आणि आजही जगातली प्रत्येक नवी प्रथिनरचना त्या नकाशावर तपासली जाते. अर्थात एफआर १३एची ताकद केवळ या एका अक्षरात नाही. बुडताच त्याचे जनुक दुबळ्या वाणांतल्या जनुकापेक्षा जास्त जोराने नकला काढते, हेही तितकेच महत्त्वाचे.

याच घराण्यातली दोन जनुके, स्नॉर्कल १ आणि २, जपानी संशोधकांनी २००९ मध्ये खोल पाण्यातल्या भातात शोधली. तीही इथिलीनने जागी होतात, पण काम अगदी उलटे करतात: कांडी भराभर लांबवतात. महिनोन्महिने पाणी साचते तिथे लांबणेच शहाणपणाचे, आठ-दहा दिवसांच्या पुरात थांबणे. वंशाने एक असलेली प्रथिने पाण्याच्या स्वभावाप्रमाणे दोन दिशांना गेली.

सब-१ प्रत्येक संकटावरचा उपाय नाही. बियाणे उगवतानाच बुडाले तर त्याचा उपयोग होत नाही, अर्ध्या उंचीचे पाणी महिनाभर साचले तरी नाही. वेदारण्यम, नागपट्टिणमच्या किनारी शेतांत, जिथे २००४ च्या त्सुनामीने खारे पाणी आत आणले, तिथे वेगळे प्रथिन लागते: सोडियम पानांपर्यंत पोचू न देणारे. त्याचे जनुक केरळच्या पोक्काली या खाजणातल्या भाताशी जोडलेल्या तुकड्यात, पहिल्या गुणसूत्रावर आहे. पोक्काली असो की धलपुतिया, दोन्ही बाजारात मागे पडलेले भात. तिरुत्तुरैपूंडीच्या परिसरात नेल जयरामन यांनी अशीच जुनी भाते गोळा केली: माप्पिळ्ळै सांबा, उंचच उंच काट्टुयानम आणि त्यांच्यासारखी शंभराहून अधिक. २०१८ मध्ये ते गेले, पण त्यांनी वाटलेले बियाणे त्रिभुज प्रदेशातल्या शेतांत आहे.

कोकणात, मावळात, गडचिरोलीत ज्यांच्या घरी अजून जुने स्थानिक भात राखलेले आहे, त्यांनी त्याचे नाव, ते कुठल्या जमिनीत येते आणि कशात तग धरते हे लिहून ठेवावे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी स्वतःच्या नावाने करता येते, आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करता येते.